कॅनडाची सोयरीक

कॅनडातल्या थोरामोठ्यांची कुंडली तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या कडेगाव तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा सासरा निघावा, हे मी माझं पूर्वजन्मीचं पाप समजतो. बायको म्हणते, पुण्य. मामा, म्हणजे आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात, गावाचे आणि पोरींचे ते आण्णा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्त माणसं उसात रमतात, देवळात रमतात, अगदीच वाया गेली तर राजकारणात पडतात. मामा कॅनडात पडले, तेही घरच्या सोप्यातून न उठता. सकाळी धार काढून झाली की चष्मा चढवायचा, मोबाईलवर इंग्रजी मजकुराचं मराठी करून घ्यायचं आणि तिथला एखादा चित्रकार, लेखक नाहीतर मंत्री दुपारपर्यंत सोलून काढायचा. मी साताऱ्याहून रविवारी गेलो की पाण्याचा तांब्या हातात यायच्या आत विचारणार, "पावणं, मेंढरं राखत कादंबऱ्या लिवणारा तिथला माणूस ठावं हाय का? आपल्या वडूजकडचाच म्हणायचा की गड्या."

या वेडाचं मूळ म्हणजे आमची धाकटी मेव्हणी. दोन वर्षं कॅनडात शिकायला म्हणून गेली आणि नोकरी धरून तिकडंच राहिली. आता आमच्या भागात पोरगी द्यायची म्हणजे आधी घराणं बघतात, पाव्हणे कोण, भाऊबंदकी किती, पोरगा पितो का, सगळं खोदून काढतात. इथं पोरगी आधी गेली आणि चौकशी राहूनच गेली. "पोरगी ज्या घरात ऱ्हाती तिथली माणसं बगाय नगंत व्हय?" मामा म्हणाले आणि एका अख्ख्या देशाची चौकशी सुरू केली. माझी चौकशी त्यांनी रसवंतीवर एका ग्लासात उरकली होती. कॅनडाला सहा वर्षं दिली. याचा मला आजही थोडा राग आहे.

चौकशी मात्र पक्की. जन्मभर धान्याची कोठारं रंगवणाऱ्या एका चित्रकार बाईंचं सख्ख्या भावाशी पटत नव्हतं, हे कळल्यावर मामा दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जमिनीवरनं न्हाई भांडले. मग चालतंय." सरकारी गाडी बायकोच्या माहेरी नेली म्हणून राजीनामा देणाऱ्या एका मंत्र्यावर तर त्यांचा विश्वासच बसेना. "आसं न्हाई करत माणूस. घरात कुणीतरी आजारी आसंल." पण खात्री पटल्यावर हीच गोष्ट त्यांनी गावातल्या सोसायटीच्या नव्या चेअरमनच्या सत्कारात, चेअरमनच्या शेजारी उभं राहून, सविस्तर सांगितली. तेव्हापासून चेअरमन मामा दिसले की गल्ली बदलतात.

चित्रकार बाईंवर मात्र त्यांचा फार जीव. बाईंच्या वाढदिवसाला त्यांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्यानं सवयीनं बाईंच्या मागं डरकाळी फोडणारा वाघ टाकला, खाली 'समस्त ग्रामस्थ'. बाई निवडणुकीला उभ्या राहणार, असंच गावातल्या दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना वाटलं. संध्याकाळी दोघंतिघं सोप्यात हजर. "आवं आण्णा, ह्या बाई कुठल्या गटाच्या?"

"कुठल्याच न्हाईत. कोठारं रंगिवत्यात," मामा म्हणाले. त्यानं संशय जास्तच वाढला.

मग गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही जेवायला बसलो असताना धाकटीचा फोन आला. "आण्णा, इथली नागरिक व्हायचं म्हणतीय. पण तुम्ही हो म्हणलात तरच. आपला पासपोर्ट मग परत द्यावा लागतो."

"आन् घरला यायचं झालं तर?"

"कागद काढून यायचं, आण्णा."

ताटात शीत न ठेवणारा हा फौजी माणूस अर्ध्या भाकरीवरून उठला. सासूबाईंनी उरलेली अर्धी भाकरी फडक्यात बांधून ठेवली.

त्यानंतर सोप्यात कॅनडाचं नाव निघेना. मी गेलो की मामा पावसाचं विचारायचे, उसाच्या तोडीचं विचारायचे, म्हणजे चारचौघांसारखं बोलायचे, आणि मला ते अजिबात सोसेना. बाईंचा वाढदिवस आला आणि फ्लेक्सविना गेला. गटवाले मला बाजूला घेऊन विचारू लागले, "बाईंनी माघार घेतली काय?" तिकडं धाकटी रोज ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, फोन करायची, "आण्णा काय म्हणले?" आण्णा उसाला पाणी पाजत होते.

महिन्यानं मी निघताना ते फाटकापर्यंत आले. गाडीच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत म्हणाले, "खरं सांगू पावणं? मी खोट हुडकत हुतो. एक जरी गावली असती तर म्हणलो असतो, ये माघारी. सा वर्सं हुडकली. थंडी लय हाय, पण माणसं बरी हायती." मग आरसा नीट करून म्हणाले, "कळवा तिला, पसंत हाय म्हणून." मी मान हलवली. गाडी चालू करायच्या आधी धाकटीला तेवढंच लिहून पाठवलं.

धाकटीच्या नागरिकत्वाच्या शपथेची वेळ तिकडची सकाळची, म्हणजे आमची दिवेलागणीची निघाली. "गोरज म्हूर्त हाय," मामा म्हणाले आणि फेटा बांधून बसले. सासूबाईंनी तांदळाला कुंकू लावून आमच्या हातात अक्षता दिल्या. मोबाईल पाटावर तांब्याला टेकवून ठेवला होता. धाकटी उभी राहिली, हात वर करून काहीतरी म्हणाली, आणि मामांनी मोबाईलवर अक्षता टाकल्या. मग आम्हीही टाकल्या. गटवालेही आले होते, त्यांनी बाहेरूनच टाकल्या.

धाकटी तिकडं हसत होती. मामा पुढं वाकले, काचेवर चिकटलेला तांदळाचा दाणा नखानं हळूच काढला आणि विचारलं, "बाळ, मांडवपरतणीला माहेरी कवा येतीस?"

ती हसायची थांबली. तारीख सांगायची तर आता आधी कागद काढावे लागणार होते, आणि मामा तांदळाचा दाणा बोटावर धरून वाट बघत बसले.