सासूबाईंच्या हातांची फिल्म

नातवंडांनो, परवा तुम्ही फोनवर सांगितलंत, की तुमच्याकडे एक लहानसं थिएटर आहे, तिथे फक्त माहितीपट दाखवतात आणि लोक वेळेच्या आधी जाऊन जागा धरतात. मी का हसले ते तुम्हाला कळलं नाही. ते फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे.

आमच्या काळी नागपुरात प्रत्येक सिनेमाच्या आधी दहा-पंधरा मिनिटांचा माहितीपट दाखवत. धरण, देवीची लस, सुधारित बियाणं. आम्ही त्याला सरकारी फिल्म म्हणायचो, आणि ती चुकवायची हे जवळजवळ ठरलेलंच असे. तीनचा खेळ असला की लोक तीनला घरून निघत. तुमचे आजोबा थिएटरसमोरच्या टपरीवर निवांत चहा घेत आणि खरा सिनेमा लागला की आत शिरत.

सत्तरच्या दशकात नरखेडकडच्या आमच्या गावी संत्र्यावर फिल्म करणारी माणसं आली. घरची रोपवाटिका होती. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, तीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, सरकवायचा आणि केळीच्या सुक्या सोपटाने बांधायचा, की कलम झालं. हे काम माझ्या सासूबाई करत. त्यांनी बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे. पण विकायला सासरे बसत, म्हणून गिऱ्हाईक त्यांच्याच हाताचं कौतुक करी. त्या दिवशीही सासरे नवं धोतर नेसून ऐटीत उभे राहिले, आणि सासूबाई खाली बसून रोजचं काम करत राहिल्या. कॅमेरा कोणावर होता, यावर घरात वर्षभर वाद चालला. सासरे म्हणत, फोटो आपलाच निघाला असणार. सासूबाई म्हणत, "पाहू ना."

एका बुधवारी आजोबांच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, की तुमच्या गावची विहीर मी पडद्यावर पाहिली. शुक्रवारी फिल्म बदलते हे आम्हाला ठाऊक होतं. गावी निरोप धाडला आणि गुरुवारी सकाळच्या एसटीने सासू-सासरे नागपूरला आले. सासूबाई त्याआधी कधी थिएटरात गेल्या नव्हत्या. मी कागदावर सगळ्या वेळा लिहून काढल्या होत्या, त्याप्रमाणे आम्ही पावणेतीनला थिएटरपाशी पोहोचलोसुद्धा.

आणि तिथे आजोबांनी चार चहा सांगितले.

मी अडवायला हवं होतं. मी पेला हातात घेतला. घंटा झाली तेव्हा आजोबा सवयीने म्हणाले, की सरकारी फिल्म लागली असेल, अजून वेळ आहे. मीही मान डोलावली. इतक्या वर्षांची सवय होती, दुसरं काय! सासूबाई थिएटरच्या पायरीवर बसून विश्वासाने आमच्याकडे बघत होत्या. आतून शिट्ट्या ऐकू आल्या, म्हणजे सिनेमा सुरू झाला होता, तेव्हा कुठे आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"झाली का वं माही फिल्म?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी हो म्हणाले. सासरे मुलाला बोलले, की एवढा शिकला आणि चहात बुडाला. आजोबांनी बिचाऱ्यांनी सुचवलं, की तिकिटं काढली आहेत तर निदान सिनेमा तरी बघू.

"मले सिनेमा नाई पाहाचा," सासूबाई म्हणाल्या. "मी माहे हात पाहाले आली."

त्या पायरीवरून हलल्या नाहीत. सहाच्या खेळाला तीच फिल्म पुन्हा लागणार होती. म्हणून आम्ही चौघं तीन तास तिथेच बसलो, घरची संत्री सोलत. दारावरच्या तिकीट फाडणाऱ्यालाही दोन दिली. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, सरकारी फिल्म लागते तेव्हा खुर्च्या रिकाम्याच असतात, या तुम्ही. "बाई, इतने साल में पहली बार कोई इसके लिए रुका है."

सहाला आम्ही पहिल्या माणसांत आत गेलो. विहीर आली, बैल आले, आणि मग सबंध पडदाभर दोन हात. मनगटावर हिरवं गोंदण, काचेच्या बांगड्या, एका बोटाला चिंधी. चीर, डोळा, सोपट, गाठ. मागून भारदस्त आवाज सांगत होता, की आपला शेतकरी बंधू किती कौशल्याने कलम बांधतो पाहा. बांगड्या किणकिणतच होत्या. सासऱ्यांचं धोतर कडेला गुडघ्यापर्यंत दिसलं, त्याच्या वर काही नाही.

सासूबाई पुढे वाकून बघत होत्या. एकदाच बोलल्या, की गाठ जरा सैल बसली.

फिल्म संपली, आणि बाकीचे लोक आत येत असताना आम्ही बाहेर पडलो. तो तिकीट फाडणारा हसून हसून बेजार झाला. सासू-सासऱ्यांना पोचवायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो. कंडक्टरने तिकिटाचं विचारताच सासरे त्याला म्हणाले, "दोन द्या. हे बाई सिनेमात आहे गा." पुढे गिऱ्हाइकांनाही ते सांगू लागले, की डोळे ती बांधते, मी नुसता उभा असतो.

ते थिएटर आता नाही. त्या फिल्मचं काय झालं, मला माहीत नाही. सासूबाईंचा डोळे बांधायचा चाकू माझ्या स्वयंपाकघरात वरच्या खणात आहे आणि त्याची धार अजून शाबूत आहे.