लिंबू चोळून धुतलेले हात

खाडीकाठच्या बाळकुमच्या एका कोळणीला एका सरकारी कचेरीने फसवलं. जाळं का फाडलंस, एवढंच तिच्या मुलाने विचारल्यावर खाडीत रेती उपसणाऱ्या एका रेतीवाल्याने त्याला वल्ह्याने मारून टाकलं. कोर्टाने रेतीवाल्याला तीन वर्षं दिली. शिक्षा वाढवून मागायचं अपील फक्त सरकार करू शकतं, आई नाही.

माझ्या गाळ्याच्या दाव्यासाठी मी कोर्टात खेपा घालायचो, तेव्हा ती दर मंगळवारी दिसायची. मासळी विकून आली की टोपली फाटकाबाहेर ठेवायची, नळावर लिंबू चोळून हात धुवायची, हुंगून पाहायची आणि मगच सरकारी वकिलांच्या कचेरीतल्या कारकुनासमोर उभी राहायची.

"अपील झाला का, साहेब?"

"फाइल वर गेलीय, मावशी. पापलेट आण, लवकर येईल खाली." तो हसायचा, ती नाही.

एकदा उरलेल्या कोळंबीवर मी घासाघीस केली. ती म्हणाली, "कोलंबीचा भाव तू माझ्यासमोर करतोस, भाऊ. माझ्या पोराचा भाव केला, तवा मला कोणी इचारला?" घासाघीस करूनच मोठा झालेला मी, त्या दिवशी ती सांगेल ते देऊन आलो.

शेवटच्या मंगळवारी कळलं, अपिलाची मुदत संपली. फाइल वर गेलीच नव्हती, कारकुनामागच्या कपाटातच होती. बाहेर येऊन तिने पुन्हा हात हुंगले आणि मला विचारलं, "वास येत होता का रे?"

हे बोलल्याने माझ्या दाव्याचं व्हायचं ते होवो. ती फाइल कपाटात कोणी ठेवली, ते त्या कचेरीच्या साहेबाने तिच्यासमोर उभं राहून सांगावं.