मधी बापाचं नाव

लातुरात सर्वांत जास्त वेळा सिनेमाला गेलेला आणि तरीही एकही सिनेमा न पाहिलेला माणूस कोण, असं विचारलं तर मी पैजेवर माझ्या मित्राच्या वडिलांकडे बोट दाखवीन. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. गंजगोलाईजवळ आडत दुकान, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि सिनेमावाले म्हणजे कामातून गेलेले लोक हे ठाम मत. अशा माणसाच्या पोटी सिनेमाचं वेड असलेलं पोरगं जन्मलं आणि ऐन दुष्काळात, धान्यबाजाराचा मोंढा ओस पडलेला असताना, त्याला परदेशात सिनेमा शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. आप्पांनी कितीतरी दिवस अबोला धरला. मग एका सकाळी म्हणाले, "जा. पन पडद्यावर नाव पडलं पायजे. मधी बापाचं नाव घालून."

पोरगं विमानात बसलं आणि आप्पा टॉकीजला जायला लागले. सिनेमा शिकायला गेलेल्या माणसाचं नाव आज ना उद्या कुठल्याही सिनेमात पडू शकतं, असा त्यांचा हिशेब होता. नवा खेळ लागला की धोतराचा सोगा सावरत ते सगळ्यांआधी खुर्चीत. नाच बसवणाऱ्यापासून दिवे धरणाऱ्यापर्यंत सगळी नावं ओठ हलवत वाचायचे आणि गोष्ट सुरू झाली की उठून घरी. मागचे म्हणायचे, "आप्पा, बसा की, आत्ता तर सुरू झालाय." आप्पा म्हणायचे, "मला गोष्टीशी काय करायचंय?" एकदा वीज गेल्यामुळे निम्मीच नावं दिसली, तर मॅनेजरशी हुज्जत घालून ते पुढच्या खेळाला आत शिरले आणि उरलेली वाचून बाहेर आले.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात पोरगं तिकडे न्यूमोनियानं गेलं. पुढे त्याच्या सिनेमाच्या शाळेनं त्याच्या फिल्मचं रीळ पाठवलं. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत प्रोजेक्टर आला होता, तो मी ओळखीनं मागून आणला. दुपारी दुकानाची दारं लावून आम्ही भिंतीवर चादर ताणली.

आप्पा पुढे सरकून बसले, पण नावं पडेनात. एकदम गोष्टच सुरू झाली. बर्फाच्या गल्लीत एक गोरा म्हातारा दुकान उघडतो, झाडतो आणि तराजूला हात लावून तो हात कपाळाला टेकवतो. अगदी आप्पा रोज सकाळी करायचे तसंच. थोड्या वेळानं फिल्म संपली आणि चादर नुसती पांढरी झाली.

"नाव कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"तिकडं नावं शेवटी घालतेत, आप्पा. त्याचं तेवढं राहून गेलं."

आप्पा हळूच म्हणाले, "त्यो गोरा तागडीच्या पाया पडला. तिकडं पडतेत का तसं?"

"न्हाई, आप्पा."

"मंग आपल्या पोरानंच शिकवलं त्याला." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "पुन्यांदा लाव."

दिवस मावळेपर्यंत मी तेच रीळ लावत राहिलो. नावाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. म्हाताऱ्यानं तराजूला हात लावला की अंधारात आप्पांचाही हात कपाळाकडे जायचा.