आठ दिवसांचे ठोके

अभिमन नानांना एका जागी शांत बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. शिरपूरजवळच्या आमच्या गावात ते पोस्टमास्तर. पत्रांवर शिक्के मारतानाही त्यांचा पाय हलत असायचा. पोस्ट त्यांच्याच ओसरीत, गावातला एकुलता एक फोनही तिथंच. मी शिरपूरच्या एक्स्चेंजवर ऑपरेटर, त्यामुळे त्यांची घालमेल रोज माझ्या कानात ओतली जायची.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात त्यांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, छातीत धडधड होते म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नाडी बघून गोळी कमी-जास्त करायची होती. रोज धुळ्याला कोण नेणार? त्याच आठवड्यात आपला माणूस अवकाशात गेला. त्याच्या काळजाचे ठोके डॉक्टर जमिनीवर बसून तपासतात, हे नानांनी पेपरात वाचलं आणि मला फोन लावला.

"इतला वरथून समजस, मंग आठून धुळे काय दूर शे?"

डॉक्टर नाइलाजाने तयार झाले. रोज सकाळी सातला नाना एका हाताने बायकोचं मनगट धरत आणि दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीने रिसीव्हरवर एकेक ठोका वाजवत. डॉक्टर मिनिटभर मोजत. मी वेळ संपली तरी लाइन कापत नसे. आपणही काहीतरी थोर करतोय असं मला वाटे.

"अजून फार जोरात आहे. गोळी वाढवा," डॉक्टर म्हणत. नाना आणखी घाबरत. दुसऱ्या दिवशी ठोके आणखी जोरात.

आठव्या दिवशी पुष्पाबाई चुलीपुढे कोसळल्या. "सारखी ओकतेय, सगळं पिवळं दिसतं म्हणते!" नाना फोनवर ओरडले. ठोके भरले एकशे वीस. ही तर गोळी जास्त झाल्याची लक्षणं, मग नाडी इतकी जोरात कशी, हे डॉक्टरांना पटेना.

"नाडी कशाने धरता?"

"अंगठ्याने. बोटांना लागतच नाही, साहेब."

"अहो, अंगठ्याला स्वतःची नाडी असते! आठ दिवस तुम्ही मला तुमचेच ठोके ऐकवलेत. बोटं टेकवा, हळू."

बराच वेळ काही वाजेना. मग एक ठोका. पुढचा येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. मिनिटात छत्तीस भरले.

"गोळी बंद. मिळेल त्या गाडीने निघा!"

मला नानांचा संताप आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. रोज ऐकत तर मीही होतोच.

पाच दिवसांनी मी धुळ्याला दवाखान्यात गेलो. पुष्पाबाई उशीला टेकून चहा पीत होत्या, नाना खाटेभोवती फेऱ्या घालत होते. त्यांच्याकडे बघत पुष्पाबाई म्हणाल्या,

"आठ दिन तुमन्या गोळ्या मी खाद्यात, तरी तुमनी धडधड थांबनी नही."

नाना भिंतीकडे तोंड करून रडले.