तुमचे साहेब

अठराव्या शतकातल्या एका इंग्रज जमीनदाराचं चरित्र मी सहा वर्षं लिहीत होतो. तो तिथल्या पार्लमेंटातही होता. त्याच्यावरची पुस्तकं मला पुण्यातल्या एका ग्रंथालयातले एक शिपाई काढून द्यायचे. तोंड बाजूला वळवून ते पुस्तक दोनदा तळहातावर आपटायचे, धूळ उडवायचे आणि म्हणायचे, "घ्या, आले तुमचे साहेब."

एकदा मी कौतुकाने सांगितलं, की खिडकीतून तळं दिसावं म्हणून साहेबाने अख्खं गाव उठवलं.

"मग माणसं कुठं गेली?"

"नोंद नाही हो. नावंसुद्धा सापडत नाहीत."

"साहेबाच्या कुत्र्यांची सापडली असतील."

सापडली होती. पाचही.

पुस्तक छापून आल्यावर पहिली प्रत मी त्यांना दिली. आभाराच्या पानावर त्यांचं बोट सावकाश खाली सरकलं आणि 'ग्रंथालयातील कर्मचारी' या शब्दांवर थांबलं.

"यात मी आलो ना, सर?"

मी होकारार्थी मान हलवली. सहा वर्षं मी त्यांना नुसतं 'अहो' म्हणत आलो होतो, आणि तेव्हाही त्यांचं नाव विचारायची मला लाज वाटली.

ते कोरं करकरीत पुस्तक त्यांनी तोंड बाजूला वळवून दोनदा तळहातावर आपटलं.