लाखोळीचं पाणी

भंडाऱ्याकडची शेती सोडून बाबा भिलाईला आले, ते कारखान्याचे पाये खोदायला. ठेकेदाराकडून कायम नोकरीत घ्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना फक्त चालून दाखवायला सांगितलं. तेवढंही जमलं नाही. गुडघे ताठ, टाचा उचललेल्या, पाय कैचीसारखे एकमेकांत अडकायचे. नोकरी हुकली ती हुकलीच. बाबा खुर्सीपारच्या आमच्या झोपडीबाहेर बसून विळ्या-चाकूंना धार लावू लागले. आई म्हणायची, खड्ड्यातल्या गार चिखलानं घात केला.

पुढे मी दुर्गच्या कॉलेजात गेले. एक दिवस सरांनी प्रथिनं शिकवली. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली की साखळी होते. ती कुठे पीळ घेते, कुठे घड्या पाडते. मग अख्खी गुंडाळली जाऊन तिला आपला असा आकार येतो. आणि कधीकधी अशा दोन-चार साखळ्या मिळून एक प्रथिन होतं. मला हे फार आवडलं होतं. मग सर सहज म्हणाले, लाखोळीच्या डाळीत एक अमिनो आम्ल सापडलंय, ते कुठल्याच साखळीत नसतं, दाण्यात सुटंच असतं. महिनोन् महिने तीच डाळ खाल्ली तर माणसाचे पाय कायमचे जातात. पण सुटं असल्यामुळेच ते गरम पाण्यात उतरतं, आणि ते पाणी फेकलं की बरंचसं निघून जातं.

माझं लिहिणं थांबलं. गावी बायका लाखोळीची डाळ उकळून पहिलं पाणी फेकायच्याच. भिलाईत मात्र सगळ्या वस्तीला एक नळ, आणि हंडाभर पाण्यासाठी आई तासभर उभी राहायची. शिवाय डाळीची ताकद पाण्यात उतरते, असं ती मानायची. म्हणून गावाहून पोत्यानं आलेली ती डाळ ती त्याच पाण्यात शिजवायची. मला दोन घास, खोदकाम करणाऱ्या बाबांना वाटीवर वाटी.

गप्प बसायला हवं होतं. पण मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. घरात पाऊल टाकताच आईला सगळं सांगून मोकळी झाले. सुटं आम्लसुद्धा समजावलं. त्या मूर्खपणाची लाज मला आजही वाटते.

आई चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "मंग ह्यायचे पाय म्याच नेले का वं?"

दारातून बाबा तिला म्हणाले, "तू काऊन रडून राहिली? पानी फेकू नको, हे मीच सांगतलं होतं तुले."

बाबांनी जन्मात कधी चुलीकडे पाहिलं नव्हतं. डाळ कशी शिजते हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आईला ते माहीत होतं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "हो, तुमीच सांगतलं होतं."