अक्कांचं अर्धं पोट

आमच्या घरमालकीणबाईंइतकी निश्चयी बाई मल्लेश्वरममध्येच काय, सबंध बेंगळुरात नसेल, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी टिकली, पण तिला कानडीचा असा काही हेल लागला की पुण्याहून नोकरीला आलेला मी, त्यांचा भाडेकरू, सुरुवातीला नुसती मान डोलवायचो. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मला ‘पुणेकर’ म्हणत.

तरुणपणी अल्सरमुळे अक्कांचं अर्धं जठर कापलं होतं आणि उरलेलं पुढच्या आतड्याला जोडलं होतं. या अर्ध्या पोटावर त्यांनी सत्तरी ओलांडली. एका वेळी दोन घास, पण दिवसभर. बँकेच्या रांगेत डबा उघडायचा, देवळात उघडायचा, लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही उघडायचा. एकदा राजाजीनगरला जाताना त्यांनी रिक्षा भर रस्त्यात थांबवली. “हलत्या गाडीत मला खाल्लेलं बसत नाही,” म्हणाल्या, आणि शांतपणे इडली काढली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. रिक्षावाला कावला, तशी त्यांनी अर्धी इडली त्याच्या हातावर ठेवली. “आधी खा, मग ओरड.” त्यानं खाल्ली. ओरडायचं राहूनच गेलं.

अशा बाईंचे डोळे गेल्या वर्षी पिवळे झाले. “स्वयंपाकघरात नवा दिवा लावलाय, त्याचा उजेड,” अक्का म्हणाल्या. मी त्यांना अंगणात उन्हात आणलं. तिथंही पिवळेच. मग ऊन पिवळं ठरलं. पण दुपारी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा मात्र मी ऐकलं नाही, थेट दवाखान्यात नेलं. पित्तनळीत खडा अडकला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी अक्कांना कानडीत बराच वेळ, हातवारे करून समजावलं. मी विचारलं, “काय म्हणतात?”

“काही नाही. वाट वाकडी आहे म्हणतो.”

खरं काय ते डॉक्टरांनी मला बाहेर इंग्रजीत सांगितलं. एरवी तोंडातून दुर्बीण घालून जठरातून खाली उतरलं की पित्तनळीचं तोंड सापडतं, तिथून खडा ओढून काढता येतो. अक्कांच्या पोटात तो सरळ रस्ताच उरला नव्हता. नव्या जोडातून आतड्यात शिरून, वळून, उलट्या दिशेनं वर चढायचं होतं. त्यांनी प्रयत्न केला. वळणावर दुर्बीण अडली. जोर केला तर आतड्याला भोक पडलं असतं, म्हणून त्यांनी ती परत घेतली.

आता दोनच उपाय होते. पोट उघडायचं, नाहीतर फुगा लावलेली लांब दुर्बीण वापरणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं. त्यांनाही जमेलच असं नाही. आणि तापामुळे थांबायला फारशी सवड नव्हती.

“फाडणं बेडा,” अक्का म्हणाल्या. नको म्हणजे नको.

“अक्का, जिवाचा प्रश्न आहे.”

“माझ्याच ना? मग मीच ठरवते.” त्या डॉक्टरांकडे वळल्या आणि कानडीत काहीतरी ठणकावलं. या वेळी भाषांतर डॉक्टरांनी केलं. “म्हणतात, आणखी एकदा मनापासून बघा. नाही जमलं तर लगेच कापा, मी हूं की चूं करणार नाही.” अक्कांच्या परदेशातल्या मुलीनं फोनवर होकार दिला आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. मुलगी विमानात बसायच्या गडबडीत होती.

आत नेताना अक्कांनी माझी बोटं धरली. हात गार होता.

“बाहेरच बस हं, पुणेकर. कॉफीला जाऊ नको.”

मी बसलो. आत काय चाललंय याचा पत्ता लागेना. प्रत्येक वेळी दार उघडलं की मी उठायचो, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाचा तरी पेशंट बाहेर यायचा. अखेर मोठे डॉक्टर आले, टोपी काढून घाम पुसत. “पोचलो. सगळं उलटं दिसत होतं, पण पोचलो. खडा निघाला.” मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण मी नुसतंच दोनदा थँक्यू म्हणालो.

संध्याकाळी अक्का नीट शुद्धीवर आल्या. ओठ कोरडे, आवाज खोल गेलेला.

“बाहेर कोण होतं?”

“मीच होतो.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ.”

त्यांनी माझी बोटं पुन्हा धरली. “मागच्या वेळी पोट कापलं तेव्हा कुणी नव्हतं रे. वडील आनेकलला शेतावर, आई धाकट्यांपाशी. शुद्ध आली तर दाराबाहेरचं बाकडं रिकामं. परत कापायचं म्हटल्यावर मला ते बाकडंच दिसायला लागलं.”

बोलता बोलता त्यांचा डोळा लागला. माझी बोटं तेवढी त्यांच्या मुठीत राहिली. थोड्या वेळानं नर्स आली. भेटीची वेळ संपली, उठा, म्हणाली.

“स्वल्प, सिस्टर, थोडाच वेळ,” मी म्हणालो, आणि तसाच बसून राहिलो.